आक्कांची कवळी

"त्रिशला, पाणी उकळलं का गं?"

आक्कांची हाक माजघरातनं आली तेव्हा माझ्या एका हातात उप्पिटाचं उलथणं होतं आणि दुसऱ्या हातानं मी चहाचं पातेलं उतरवत होते. बाहेर सोप्यात आमच्या जैन मंदिराच्या कमिटीची चार माणसं येऊन बसली होती. दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चार दिवसांवर आलेलं, आणि सगळ्या बैठका आमच्याच सोप्यात, कारण माझ्या नवऱ्याला, भूपालला, यंदा कमिटीचं अध्यक्ष व्हायचं होतं. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे. आता घेते. या गोष्टीला वीस वर्षं झाली, तो जाऊनही सहा झाली. आता कुणाची भीड ठेवायची?

"उकळलंय आक्का, आणते."

पाणी हवं होतं ते दातांसाठी. माझ्या सासूबाईंना, आक्कांना, वरखाली पूर्ण कवळी होती. आमच्या घरात पाणी गाळून, उकळून, निववून मगच प्यायचं, ही आक्कांची शिस्त. आणि कवळीही तोंडातच जाते, म्हणून दातांनाही तेच पाणी. नळाचं पाणी त्यांच्या कवळीला कधी लागलं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, चूळ भरायची, दात काढायचे आणि स्टीलच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायचे. सकाळी पुन्हा मऊ ब्रशनं, साध्या साबणानं घासायचे. घासताना खाली पाण्यानं भरलेली परात ठेवायची, म्हणजे निसटले तरी फुटत नाहीत. हे सगळं आक्का स्वतः करायच्या, दार लोटून. बिनदातांचं त्यांचं तोंड पोटच्या पोरानंही बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं दोनचारदा, तेही चुकून, आणि दर वेळी बोलणी खाल्ली होती.

पण आठ दिवसांमागं न्हाणीत पाय घसरला आणि उजवा हात मनगटात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर. तेव्हापासून कवळी माझ्या गळ्यात पडली. रोज दोन वेळा मी घासायची आणि आक्का तोंडावर पदर धरून शेजारी बसून चुका काढायच्या. "अगं आतनं घास, आतनं. बाहेरनं चकचकीत करून काय उपयोग? तुमच्या माहेरी भांडीसुद्धा अशीच घासत होते काय?" सव्वीस वर्षं माझ्या माहेराचा उद्धार चालला होता. माणूस सवयीनं ऐकतं, पण पोटात साठत जातंच की.

त्या दिवशी मी घाईत होते. उप्पीट बुडाला लागत होतं, भूपाल सोप्यातनं "चहा" म्हणून दोनदा ओरडला होता. आदल्या रात्रीचं पाणी डब्यातनं ओतून दिलं, कवळी घासली, आणि डब्यात गार पाणी घालायचं ते चुलीवरचं, नुकतं उकळी फुटलेलं, तसंच ओतलं. वर झाकण लावलं आणि चहा घेऊन बाहेर गेले.

दातांच्या डॉक्टरनं कवळी देताना दहा वेळा बजावलं होतं. पाणी साधं घ्या, कोमट चालेल, उकळतं कधीही नको, आकार बिघडतो. माझ्याकडं बघून म्हणाला होता, "वहिनी, तुम्हीपण ऐकून ठेवा." मी ऐकून ठेवलं होतं. मी काही बावळट नव्हते.

परत आले तेव्हा डबा हाताला चटका देत होता. पटकन पाणी बदललं, कवळी उचलून बघितली. दिसायला होती तशीच होती. म्हटलं, वाचलो.

आक्कांनी कवळी बसवली. जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"आज येगळंच लागतंय काहीतरी."

"असं कसं होईल? कालचीच आहे की."

"वरची दाबतीया."

"तोंड सुजलं असेल आक्का, पडलाय न्हवं तुम्ही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी परात उचलली आणि मोरीकडं गेले.

सांगायला काय झालं होतं? एवढंच, की सांगितलं असतं तर पुढची सव्वीस वर्षं तेच ऐकावं लागलं असतं. साधं पाणी ओतायची अक्कल नाही, सून म्हणून आणली. आणि खरं बोलायचं तर मनात एक कोपरा असाही होता, ज्याला बरं वाटत होतं. लागू दे जरा. सगळ्यांना टोचून बोलणाऱ्या तोंडात काहीतरी टोचू दे. असं मला वाटलं, आणि ते मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी भाकरी परत पाठवली. तिसऱ्या दिवशी दुधात कुस्करून अर्धी खाल्ली. "इच्छा न्हाई," म्हणाल्या. चौथ्या दिवशी पर्व सुरू झालं, घरोघरी उपास, कुणाचं एकभुक्त, कुणाचं नुसतं पाण्यावर. त्यात आक्कांचं न खाणं खपून गेलं. त्या नुसतं दूध घ्यायच्या. पुढं ऊन दुधाचा ओघळही जखमेला झोंबत असेल, गार ताक घ्यायला लागल्या, तेही दोन घोट. कवळी मात्र दिवसभर तोंडात, कारण पर्वात बायकांची येजा. बिनदातांची मी चौघीत बसायची नाही, हा त्यांचा हट्ट. पदर तोंडावर ओढून बसायच्या आणि मानेनंच बोलायच्या.

आता हे आमच्या समाजाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. सल्लेखना, म्हणजे मरणापर्यंतच्या उपासाचं व्रत, घेणारा माणूस अन्न एकदम सोडत नाही. आधी धान्य सोडतो, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. हीच पायरी, हाच क्रम. पण ते व्रत आहे, भान असताना, मनानं, गुरूंच्या परवानगीनं घ्यायचं. आक्कांनी काही घेतलं नव्हतं. त्यांच्या हिरड्या सोलल्या होत्या. क्रम तेवढा जुळला.

पर्व संपलं. सगळ्या गावानं पारणं केलं आणि आक्कांनी केलं नाही. त्या दिवशी भूपाल मंदिरातनं आला तो निराळ्याच चालीनं. चपला काढून हात धुऊन थेट आईजवळ गेला, पायांवर डोकं ठेवलं. जन्मात कधी ठेवलं नव्हतं.

मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "बघितलंस? धान्य सोडलं, दूध सोडलं. कुणाला न सांगता. मंदिरात सगळे विचारत होते. मी म्हणालो, आईचा निश्चय दिसतोय."

"निश्चय कसला? त्यांचं तोंड दुखतंय. कवळी टोचत असेल. दातांच्या डॉक्टरला दाखवून आणूया."

"अशा वेळी दात?"

"अहो, पण एकदा विचारा तरी त्यांना."

"तुला कळतंय का, ती कुठल्या वाटेवर आहे? आपल्या घराण्यात पणजोबांनंतर कुणी नाही. आणि तू डॉक्टर काढून बसलीस."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की कवळी मी बिघडवली. ओठांवर आलेलंही होतं. तो बाहेर गेला आणि मी तांदूळ निवडायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. आधी गल्लीतल्या, मग गावातल्या, मग शेजारच्या दोन गावांतनं टेम्पो करून. सोप्यात सतरंज्या पडल्या. आक्कांना पांढरं लुगडं नेसवलं, मधल्या खोलीत चटईवर तक्क्याला टेकवून बसवलं. बाया णमोकार मंत्र म्हणत, पाया पडत, पोरांची डोकी त्यांच्या पायावर टेकवत. ज्या बायांना आक्कांनी उभ्या आयुष्यात एक गोड शब्द दिला नव्हता त्या डोळे पुसत होत्या. आक्का पदराआडनं बघत होत्या. मला त्या डोळ्यांत समाधान दिसत नव्हतं, घाबरणं दिसत होतं. पण एक सांगते, अधूनमधून थोडा आनंदही दिसायचा. एवढं कुणी कधी केलं नव्हतं त्यांचं.

मंदिराचे उपाध्ये आले. म्हातारा सरळ माणूस, पूजा सांगायचा आणि उरलेल्या वेळात शेती बघायचा. आक्कांसमोर बसला आणि स्वच्छ विचारलं, "आक्का, मनानं सोडलंय का? मुनिमहाराजांना विचारल्याशिवाय असं करता येत नाही. तुमची इच्छा असेल तर मी निरोप धाडतो. नसेल तर पेज घ्या. त्यात काही कमीपणा नाही."

आक्का गप्प.

भूपाल म्हणाला, "मौन आहे तिचं."

"मौन असलं तरी मान हलवता येते की." उपाध्ये वाट बघत राहिले. आक्कांनी मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. शेवटी ते उठले. "त्यांच्या तोंडनं ऐकल्याशिवाय मी कुणाला बोलवायचा नाही. आणि तुम्हीपण असलं नाव देऊ नका याला."

मी त्यांना पाणी द्यायला दारापर्यंत गेले. तांब्या परत देताना ते माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, तुला काय सांगायचं आहे का?"

भूपाल पाठीमागं उभा होता.

"नाही काका," मी म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी, बाया जेवायला गेल्यावर, मी मधल्या खोलीचं दार आतनं लावून घेतलं. आक्कांसमोर मांडी घालून बसले.

"आक्का, तोंड उघडा."

त्यांनी पदर घट्ट धरला.

"उघडा म्हणते न्हवं. माझ्यापुढं काय लाज?"

शेवटी त्यांनी डाव्या हातानं पदर बाजूला केला. मी वरची कवळी काढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि कण्हल्या. कवळी सुटली तशी वास आला. टाळूच्या कडेनं, दोन्ही बाजूंनी, हिरडी लालभडक, मधे पांढरे चट्टे, एका जागी मांस उघडं. या बाईनं अठरा दिवस हे तोंडात घेऊन हजार माणसांचे नमस्कार घेतले होते. मला रडू आलं. मला त्यांच्यासाठी रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

"तूच केलंस न्हवं?" आक्का म्हणाल्या. दात नसल्यानं शब्द फुसफुसत होते, पण कळत होतं. "त्या दिवशी दात हातात घेतले तवा ऊन ऊन होते."

"होय आक्का. उकळतं पाणी पडलं. घाईत होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही का बोलला नाही?"

"तू सांगतीस काय म्हणून बघत हुते." त्यांनी डोळे मिटले. "आज सांगल, उद्या सांगल. आणि मग ह्या बाया दाराशी आल्या, पाया पडायला लागल्या. आता कसं बोलू? दात दुखतात म्हणून उपाशी बसलीया म्हातारी, असं सांगू? भूपालला गावात तोंड दाखवता येईल काय?"

"गाव गेलं खड्ड्यात. डॉक्टर कडा घासून देईल, नाहीतर दुसरी कवळी करूया. तोवर मऊ खा."

आक्कांनी डोळे उघडले. मग माझा हात हातात घेतला, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि लहान पोरगं सांगतं तसं सांगितलं, "भूक लागलीया गं मला. लई भूक लागलीया."

मी धावत गेले. भात होताच. तूप घातलं, हातानं पार लोण्यासारखा मऊ केला, गार केला. ताट घेऊन आले आणि घास भरवायला लागले. पहिला घास त्यांनी तोंडातच ठेवला, तसाच विरघळू दिला. दुसऱ्याला डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. दुखत होतं म्हणून की भात होता म्हणून, मला माहीत नाही. तिसऱ्याला त्यांनी स्वतः तोंड पुढं केलं.

गडबडीत ताट घेऊन येताना मी कडी लावायची विसरले होते.

दार उघडलं. भूपाल, आणि त्याच्या मागं जिल्ह्याच्या जैन सभेचे दोन मोठे गृहस्थ, हार घेऊन आलेले. आक्कांनी झटक्यात पदर ओढला. ताट आमच्या दोघींच्या मधे होतं. माझ्या बोटांना भात लागलेला. आणि पदर पुरता ओढला गेला नव्हता, आक्कांच्या हनुवटीवर दोन शितं तशीच होती.

भूपालनं ती बघितली. मी त्याचे डोळे बघत होते, त्यानं नक्की बघितली. तो पुढं झाला, आईसमोर वाकला, जणू नमस्कार करतोय असा, आणि खांद्यावरच्या उपरण्यानं ती दोन शितं पुसून घेतली. मग उठून पाहुण्यांकडं वळला.

"ही आमची मंडळी. आईजवळ बसल्याशिवाय हिला घास जात नाही. आईला सोडून जेवतच नाही."

"वा वा," एक गृहस्थ म्हणाले. "अशी सून मिळायला पुण्याई लागते."

मी काय केलं? मी ताट माझ्याकडं ओढलं आणि त्यांच्यासमोर एक घास माझ्या तोंडात घातला.

ते हार घालून, हात जोडून गेले. भूपाल त्यांना पोचवायला गेला. मी पुन्हा दार लावलं, कडी घातली, घास केला आणि आक्कांच्या तोंडाशी नेला. आक्कांनी तोंड मिटलेलं होतं.

"आक्का, गेलेत सगळे. घ्या."

मान हलली. उपाध्यांना न दिलेलं उत्तर मला मिळालं. नाही.

"मी आत्ता बाहेर जाऊन सांगते सगळ्यांना. माझी चूक झाली म्हणून सांगते. तुम्ही घ्या फक्त."

"बघितलं त्यानं," आक्का म्हणाल्या. "पुसलं."

"आक्का..."

"पोरानं पुसलं तोंड माझं. झालं आता." त्या तक्क्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "एक ऐक. मी गेल्यावर ते दात माझ्या तोंडात घालू नकोस. लई लागतात."

मी शब्द दिला.

लोक म्हणतात आक्कांनी पर्वात अन्न सोडलं. खोटं आहे ते. आक्कांनी त्या दुपारी अन्न सोडलं, तिसऱ्या घासाला. त्यानंतर मी पेज नेली, ताक नेलं, फळाचा रस नेला, तोंड धरून चमचा लावला. दात इतके घट्ट कुणी आवळले नसतील, आणि त्यांना तर दातच नव्हते. नुसतं पाणी घ्यायच्या. दोनदा मी मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत गेले उपाध्यांना सांगायला आणि दोनदा दर्शन घेऊन परत आले. काय सांगणार होते? आता तर खरंच सोडलं होतं त्यांनी. दहाव्या दिवशी सकाळी, कोवळं ऊन अंगणात आलेलं असताना, आक्का गेल्या.

तासाभरात अंगण माणसांनी भरलं. पालखी सजवायला घेतली, आक्कांना तिच्यात बसवून न्यायचं ठरलं. फोटोवाला आला. भूपाल मधल्या खोलीत आला, आईच्या चेहऱ्याकडं बघितलं. गाल आत ओढलेले, ओठ तोंडात गेलेले.

"दात कुठायत?"

मी आक्कांचा पदर सारखा करत राहिले.

"त्रिशला, दात घाल. बाहेर हजार माणूस बसलंय. फोटो मंदिरात लागायचाय."

"त्या नको म्हणाल्या होत्या."

"कधी?"

"त्या दिवशी. तुम्ही शितं पुसलीत त्या दिवशी."

तो थांबला. मला वाटलं, आता हा खाली बसेल, रडेल, निदान मान खाली घालेल. तसं झालं असतं तर मी त्याला माफ केलं असतं आणि कदाचित स्वतःलाही. पण बाहेरनं कुणीतरी "भूपालराव, चला" म्हणालं.

"लवकर घाल," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी डबा काढला. गेले दहा दिवस रोज मी पाणी बदलत होते, गाळलेलं, उकळलेलं, गार केलेलं. का ते मला विचारू नका. कवळी स्वच्छ होती. खालची बसली. वरची बसेना. वाकडी झालेलीच ती, आणि आक्कांचं तोंड आता कुठं तिला जागा देणार? मी दोन्ही अंगठे लावले आणि दाबली. बाहेर णमोकार चालू होता. आणखी दाबली. टक्क करून आवाज आला आणि बसली.

वरचा ओठ कवळीनं पुढं उचलला गेला होता, एका बाजूनं जरा जास्त.

तेवढ्यात रत्नमाला आली, माझी नणंद, बेळगावाहून. ती दारातच थबकली. आईच्या चेहऱ्याकडं बघून तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि हुंदके देत म्हणाली, "वहिनी, बघा की, आई हसालीया."

"होय," मी म्हणाले.